समुद्रात बुडवलेलं सायक्लोट्रॉन: योशिओ निशिना यांची गोष्ट

मी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा. ११ मार्च १७९५ रोजी आमच्या गावाजवळ मराठ्यांनी निजामाला हरवलं आणि तहात मुलूख, खंडणी घेतली. जिंकणारा काय काय नेतो, हे आम्ही किल्ल्याकडे बघत लहानपणापासून ऐकतो. पण जिंकलेल्या सैन्याने प्रयोगशाळेतलं यंत्र कापून समुद्रात टाकलं, असं कधी ऐकलंय? हे घडलं जपानमध्ये. यंत्र होतं योशिओ निशिना यांचं.

निशिना १८९० साली ओकायामा प्रांतात जन्मले. शिकले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, पण ओढ लागली फिजिक्सची. कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे त्यांनी काही वर्षं काढली. गॅमा किरण इलेक्ट्रॉनवर आदळून कसे विखुरतात, हे सांगणारं क्लाइन-निशिना सूत्र आजही वापरलं जातं. १९२८ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढे टोकियोच्या रिकेन संस्थेत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली.

तिथे १९३७ मध्ये त्यांचं पहिलं सायक्लोट्रॉन सुरू झालं. हे काम कसं करतं? झोक्याला दर वेळी नेमका धक्का दिला की तो चढत जातो ना, तसंच. चुंबक विद्युतभारित कणांना गोल फिरवतो, दर अर्ध्या फेरीला विजेचा धक्का बसतो आणि वेग वाढत जातो. शेवटी हे कण लक्ष्यावर आदळतात आणि त्यातून किरणोत्सारी पदार्थ तयार होतात. दुसरं यंत्र, सुमारे २०० टनी चुंबकाचं, १९४४ मध्ये चालू झालं.

युद्धात लष्करासाठी अणुबॉम्बचं संशोधनही निशिनांकडेच होतं, हे खरं. ते यशस्वी झालं नाही. उलट ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाला जाऊन, पडलेला बॉम्ब अणुबॉम्बच आहे, याची खात्री त्यांनाच करावी लागली.

युद्ध संपल्यावर त्यांनी जीवशास्त्र आणि औषधांच्या संशोधनासाठी सायक्लोट्रॉन वापरायची परवानगी मागितली. ती मिळाली, आणि लगेच रद्दही झाली. २४ नोव्हेंबर १९४५ ला अमेरिकन सैनिक आले. यंत्रं कापली आणि टोकियोच्या उपसागरात बुडवली. ओसाका आणि क्योटोची यंत्रंही गेली. अमेरिकेतलेच शास्त्रज्ञ संतापले. शेवटी युद्धमंत्री रॉबर्ट पॅटरसन यांनी चूक मान्य केली. आदेश त्यांच्या नावाने निघाला होता, पण त्यांनी तो पाहिलाच नव्हता!

निशिना खचून बसले नाहीत. संस्था जगवण्यासाठी त्यांनी पेनिसिलिनच्या उत्पादनात लक्ष घातलं. १० जानेवारी १९५१ ला ते गेले. रिकेनमध्ये नवं सायक्लोट्रॉन उभं राहिलं १९५२ मध्ये. ते त्यांना बघायला मिळालं नाही.

आज पेट स्कॅनसाठी लागणारा किरणोत्सारी पदार्थ हॉस्पिटलं सायक्लोट्रॉनमधूनच मिळवतात. आणि ११३ वं मूलद्रव्य निहोनियम सापडलं ते रिकेनमध्येच. तिथल्या अ‍ॅक्सिलरेटर केंद्राला आता निशिनांचं नाव आहे. यंत्र बुडवता आलं, पण त्यांनी घडवलेली माणसं टिकली. म्हणून तर काम पुन्हा सुरू झालं.