नाझरेथचा दुसरा सुतार

जानेवारी आला, की अमेरिकेतल्या वाद्यप्रदर्शनाच्या सुमारास गिटारींची नवी मॉडेले जाहीर होतात आणि आमच्या घरात चर्चेला ऊत येतो. थोरला मुलगा गिटार वाजवतो. त्याला मार्टिन कंपनीची 'डी-१८' हवी आहे, आणि मला तिची किंमत ऐकवत नाही. गंमत अशी, की यातल्या पुष्कळ नव्या गिटारींची मोठी जाहिरात म्हणजे त्या जुन्यासारख्या आहेत! कुणी १९३७ ची प्रतिकृती, कुणी १९३९ ची. मी विचारले, "१८ म्हणजे काय रे?" चिरंजीव गप्प. मग मीच शोधायला बसलो आणि एका सुताराच्या आयुष्यात गुंतून पडलो.

सुतार म्हटले, की मी जरा हळवा होतो. माझे आजोबा कोकणात सुतारकी करीत.

क्रिस्टियन फ्रीडरिश मार्टिन याचा जन्म १७९६ चा, जर्मनीतल्या सॅक्सनीतल्या मार्कन्यूकिर्खेन गावचा. गाव वाद्यांचे, पण घराणे फर्निचर करणाऱ्या सुतारांचे. व्हिएन्नाला योहान स्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या कारखान्यात तो मुकादमीपर्यंत पोहोचला. तिथल्याच हार्प बनवणाऱ्या एका कारागिराची मुलगी ओटिली त्याची बायको झाली. १८२५ मध्ये मुलगा झाला. हात तयार, संसार उभा. मग तो गावी परतला.

गावात वेगळेच रामायण चालू होते. व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाचे म्हणणे होते, की वाद्ये घडवणे हे त्यांचे काम. सुतारांनी खुर्च्या-कपाटे करावीत, गिटारीला हात लावू नये. सुतार म्हणाले, गिटार या गावात आम्हीच रुजवली. १८२६ आणि १८३२ मध्ये प्रकरण सरकारदरबारी गेले. निकाल सुतारांच्या बाजूने लागला. पण कोणाच्या हाताला कोणते काम शोभते, हे शेजाऱ्याने ठरवायचे, अशा गावात माणसाचे मन रमत नाही. १८३३ मध्ये मार्टिनने बायकामुलांसह न्यूयॉर्कचे जहाज पकडले. जिंकलेला माणूस गाव सोडून गेला, हे मला फार लागले.

न्यूयॉर्कला हडसन स्ट्रीटवर त्याने दुकान टाकले. पुढे दुकान, मागे काम. नुसत्या गिटारींवर पोट भरेना, म्हणून बाहेरून आणलेली वाद्ये, स्वरलिपीची पुस्तके असे सगळेच विकायचा. कधी पैशांऐवजी दारूची खोकी, कधी मुलांचे कपडे घ्यायचा. १८३८ मध्ये त्याने दुकान विकले आणि पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथची वाट धरली. मोराव्हियन पंथाच्या जर्मन भाषकांचे हे गाव. जुना मित्र हाइन्रिख शाट्झ त्या भागात आधीच स्थिरावला होता. गिटारी घडायच्या नाझरेथला, पण त्यांच्यावर शिक्का मात्र न्यूयॉर्कचा. तो पुढे १८९८ पर्यंत टिकला! शहराचे वजन तेव्हाही होतेच.

त्याच्या सुरुवातीच्या गिटारी स्टाउफरच्या वळणाच्या: डोके वळणदार, सहाही खुंट्या एका बाजूला. हळूहळू तो गुरूपासून दूर गेला. गिटारीची तोंडाची फळी पातळ असते. तारांच्या ताणाने ती वाकू नये म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात. फार जाड केल्या, की आवाज कोंडतो. फार बारीक केल्या, की फळी पोटाळते. व्हिएन्नाच्या रीतीत या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असत. मार्टिनने दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या. अशी आज ठाऊक असलेली त्याची सर्वांत जुनी गिटार १८४३ ची, मादाम द गोनी या स्पॅनिश वादिकेसाठी केलेली. तेव्हा तारा तातीच्या होत्या, ताण कमी. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या, आणि तो ताण पेलायला हीच फुली उपयोगी पडली. ते पाहायला मार्टिन नव्हता. १८६७ मध्ये मुलगा आणि पुतण्या यांना भागीदार करून घेतल्यावर सहा वर्षांनी, १८७३ मध्ये तो गेला.

आणि हो, ते १८! मार्टिनच्या हयातीत, १८५० च्या दशकात, गिटारींच्या प्रकारांना किमतीवरून आकडे पडले. अठरा डॉलरची ती १८. 'डी' नंतरचा, एका ब्रिटिश युद्धनौकेवरून नाव घेतलेल्या, १९१६ मध्ये आलेल्या मोठ्या घाटाचा. हे सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, मग अठरा डॉलरलाच आणा.

जुन्या गिटारींच्या पाठी ब्राझीलच्या शिसवाच्या. ते लाकूड मिळेनासे झाले तेव्हा, १९६९ च्या सुमारास, कंपनी आपल्याकडच्या शिसवाकडे वळली; सह्याद्रीतही वाढते तेच. हे कळल्यापासून मुलगा आजोबांनी केलेल्या शिसवी कपाटाच्या दारावर बोटांनी टकटक करतो आणि कान लावून ऐकतो. त्याला पटाशी लावायची नाही, एवढे मी सांगून ठेवले आहे.