चव्वेचाळीस वर्षांचं सबमिशन

वेळ बघायला आज मोबाईल पुरतो. तरीही काही लाख रुपये मोजून स्प्रिंगवर चालणारी क्रोनोग्राफ घड्याळं जमवणारी मंडळी जगात आहेत. क्रोनोग्राफ म्हणजे ज्याच्या पोटात स्टॉपवॉचही असतं असं घड्याळ. गंमत म्हणजे घड्याळ कोरं करकरीत, पण रूप मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं! मी पडलो मेकॅनिकलचा. हे नुसतं श्रीमंतांचं खूळ, की यात काही इंजिनिअरिंगही आहे, हा प्रश्न मला पडायचाच. उत्तर शोधता शोधता मी एका माणसापाशी पोचलो. त्याचं नाव अब्राहम-लुई ब्रेगे.

जन्म 10 जानेवारी 1747, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावी. 1758 मध्ये वडील गेले. सावत्र वडील घड्याळांच्या धंद्यातले, त्यामुळे पोरगाही त्यातच ओढला गेला. पंधराव्या वर्षी शिकाऊ म्हणून फ्रान्सला, व्हर्सायला रवानगी झाली. दिवसा कानशी-स्क्रू आणि त्याच्या जोडीला पॅरिसच्या एका कॉलेजात गणिताचे धडे. म्हणजे वर्कशॉप आणि थिअरी दोन्ही, अगदी आपल्यासारखं! फरक इतकाच, की त्याला दोन्ही आवडायचं.

1775 मध्ये त्याने पॅरिसला सीन नदीकाठी स्वतःचं दुकान थाटलं. त्याच वर्षी लग्नही झालं. पण 1780 मध्ये बायको वारली आणि मागे राहिला लहानगा मुलगा. ब्रेगेने पुन्हा लग्न केलं नाही. तो कामात बुडाला.

काय काम केलं म्हणता? त्याने काट्यांना टोकाजवळ पोकळ वर्तुळ दिलं. डायलवर मशीनने बारीक नक्षी कोरली, कारण सपाट चकचकीत धातूवर उजेड पडला की डोळे दिपतात आणि वेळ वाचता येत नाही. घड्याळ पडलं तरी बॅलन्स व्हीलचा नाजूक दांडा मोडू नये म्हणून त्याच्या टोकांना स्प्रिंगचा आधार दिला, म्हणजे चक्क शॉक अॅब्सॉर्बर. आणि 26 जून 1801 ला पेटंट घेतलं ते टूरबिलाँचं. त्या काळी घड्याळ खिशात उभं राहायचं. बॅलन्स व्हीलचं वजन सगळीकडे अगदी सारखं नसलं, तर गुरुत्वाकर्षणामुळे ते कधी पुढे जायचं, कधी मागे. ब्रेगेने अख्खं बॅलन्स व्हील आणि एस्केपमेंट एका फिरत्या पिंजऱ्यात बसवलं. एका फेरीत चूक थोडी अधिक, थोडी उणे. बेरीज जवळजवळ शून्य! ही आयडिया कळली तेव्हा मी खरंच वही मिटून पाच मिनिटं गप्प बसलो.

आता त्या सबमिशनबद्दल. 1783 मध्ये राणी मारी आंत्वानेतच्या पहाऱ्यावरच्या एका अधिकाऱ्याने ऑर्डर दिली. त्या काळात माहीत असलेली प्रत्येक करामत एकाच घड्याळात हवी. पैशाला मर्यादा नाही, वेळेलाही नाही. त्यात हवा तेव्हा चालू-बंद करता येणारा वेगळा सेकंद काटाही होता, म्हणजे क्रोनोग्राफचा पूर्वजच. काम सुरू झालं आणि राज्यक्रांती पेटली. 1793 मध्ये ब्रेगेला जीव वाचवून स्वित्झर्लंडला पळावं लागलं. त्याच वर्षी राणीला गिलोटिनवर चढवलं. 1795 ला तो परतला तेव्हा दुकानाची वाताहत झालेली. पठ्ठ्याने एकाच काट्याचं साधं घड्याळ बाजारात आणलं. चौथा हिस्सा किंमत आगाऊ, उरलेली घड्याळ हाती आल्यावर. धंदा पुन्हा उभा राहिला. इतका, की त्याच्या नावाची बनावट घड्याळं निघू लागली आणि त्याला डायलवर तिरप्या उजेडातच दिसणारी गुप्त सही कोरावी लागली. ‘फर्स्ट कॉपी’चा धंदा तेव्हापासूनचा आहे तर!

राणीचं घड्याळ मात्र त्याने सोडलं नाही. घेणारी उरली नव्हती, तारीख ठरलेली नव्हती. कोणी विचारणारंही नव्हतं. 17 सप्टेंबर 1823 ला तो गेला, तेव्हाही ते अपुरंच होतं. मुलगा आंत्वान-लुईच्या हाताखाली ते 1827 मध्ये पूर्ण झालं. तब्बल 823 भाग!

पुढे 1983 मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून हे घड्याळ चोरीला गेलं. ते सापडल्याचं जगाला कळलं 2007 मध्ये. तोवर ब्रेगे कंपनीने जुन्या आराखड्यांवरून हुबेहूब दुसरं बनवायला घेतलं होतं. 2008 मध्ये ते जगापुढे आलं. त्याच कंपनीने 1950 च्या दशकात फ्रेंच सैन्याच्या वैमानिकांसाठी टाइप ट्वेंटी क्रोनोग्राफ बनवला आणि 1995 मध्ये तेच रूप नव्याने आणलं. संग्राहक आज त्याच्यामागे धावतात.

मला वाटतं, जुन्या रूपाची ही ओढ नुसती फॅशन नाही. ठळक आकडे अंधाऱ्या कॉकपिटसाठी होते, काळा डायल चमक टाळायला. काट्याचा निळा रंगही रंग नव्हेच. पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापवलं की तो आपोआप येतो आणि गंजापासून थोडं संरक्षणही देतो. प्रत्येक आकारामागे कुणीतरी कारण शोधलेलं होतं. नुसता आकार उचलला तर ती कॉपी. कारण समजून घेऊन पुन्हा घडवलं तर तो वारसा.

आपल्याकडे जर्नल आदल्या रात्री पूर्ण होतं, तेही शेजारच्या रूममधून आणून. व्हायवाला आकृती दाखवता येते, पण ती तशीच का, हे विचारलं की घाम फुटतो. ब्रेगेला हा प्रश्न कुणी विचारला नसता, तरी त्याच्याकडे उत्तर तयार होतं. लाखाचं घड्याळ आपल्याला परवडणार नाही. ही सवय मात्र फुकट आहे, दोस्तांनो!