कवटी मोजून वंश श्रेष्ठ ठरतो का? इरावती कर्वेंचं उत्तर

‘युगांत’च्या लेखिका इरावती कर्वे मूळच्या मानववंशशास्त्रज्ञ. जन्म 1905, ब्रह्मदेश. तिथल्या नदीवरून नाव इरावती. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा दावा होता, की गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात, म्हणून त्यांची बुद्धी सरस. आणि हे वंशातूनच येतं. इरावतींनी 149 कवट्या मोजल्या. असमानतेचा वंशाशी संबंध निघाला नाही. डिग्री ज्यांच्या हातात, त्यांच्याच विरोधात प्रबंध देणं सोपं नव्हतं. रक्तगट आई-वडिलांकडून येतो, श्रेष्ठपणा नाही. फिशर पुढे नाझी पक्षात गेले. इरावती पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची शरीरमापं घेतली आणि एकाच जातीच्या नावाखालच्या पोटजातीही वेगवेगळ्या मुळांच्या असू शकतात, असं मांडलं. 1970 मध्ये त्यांचं निधन झालं.