तीन मैल उरले होते

इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री म्हणून आरती साहा यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्याच खाडीतून एक महिना आधी त्यांना अर्ध्यावर परतावे लागले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आम्हांला तीच अधिक बोधप्रद वाटते.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १९४० रोजी कलकत्त्यात झाला. बालपणीच मातृवियोग घडला. आजीने सांभाळ केला. काकांबरोबर घाटावर जाता जाता त्या पोहणे शिकल्या. १९५२ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. पुढे खाडी पोहण्याचे ध्येय ठेवून १९५९ साली देशबंधू पार्कच्या तलावात त्यांनी सलग आठ तास पोहण्याचा सराव केला.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून स्पर्धा सुरू झाली. आरतींसोबत जाणारी होडीच उशिरा आली आणि चाळीस मिनिटे वाया गेली. तरीही त्या इंग्लंडच्या किनाऱ्यापासून पाच मैलांवर पोहोचल्या. तेथे उलटा प्रवाह लागला. कित्येक तास हात मारूनही जेमतेम दोन मैल कापले गेले. त्या थांबावयास तयार नव्हत्या; पण तांडेलाच्या आग्रहापुढे त्यांना पाण्याबाहेर यावे लागले.

चाळीस मिनिटांनी एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. पेडण्यातील केरी-तेरेखोलच्या मुखाशी किंवा डिचोलीतील सारमानसच्या धक्क्यावर राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. ओहोटी लागली की भरतीच्या वेळचे पाणी मागून मिळत नाही. इंग्लिश खाडीतही साधारण सहा तासांनी प्रवाह फिरतो. ऐन किनाऱ्याजवळ तो उलटला, तर चांगला पोहणाराही जागच्या जागी राहतो. आरतींच्या अंगात बळ होते. वेळ मात्र हातची गेली होती.

घरी न परतता त्या पुन्हा तयारीस लागल्या. २९ सप्टेंबर १९५९ रोजी त्या पुन्हा पाण्यात उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडमधील सँडगेटच्या किनाऱ्याला लागल्या. त्या वेळी त्यांना एकोणीस वर्षे पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली; हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला खेळाडू. २३ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनी ही कथा सांगताना यशापाशीच घाईने जाऊ नये, असे आम्हांला वाटते. आपल्या वर्गातील एखादे मूल परीक्षेत मागे पडते, आणि त्याने कष्ट केले नाहीत असे आपण चटकन म्हणून टाकतो. तसे म्हणण्यापूर्वी त्याची होडी तर उशिरा आली नव्हती ना, हे पाहावे. घरचे आजारपण, फीची अडचण, उशिरा हाती आलेली पुस्तके यांतही भरतीची वेळ निघून जाते. अशा मुलाला दोष न देता दुसऱ्या भरतीपर्यंत त्याच्याजवळ थांबणे, हे आपले काम आहे.