अडीचशे सोडून पन्नास

जून महिना उजाडला की दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून एकच विषय चालू असतो. मुलाला कोणत्या शाखेत घालायचे, मुलीने कोणता विषय घ्यावा, पुढे त्याचा उपयोग काय, आणि नोकरी लागेल का. पूर्वी कलाभवन आणि बडोदा कॉलेज एवढ्या दोन नावांत ही चर्चा आटोपत असे. आता फॅकल्ट्यांची यादीच पानभर असते. अशा वेळी एखाद्या मुलाने संस्कृत किंवा पाली घेतो म्हटले, की दिवाणखान्यात जी शांतता पसरते ती मी अनेकदा अनुभवली आहे. धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र मला या दिवसांत हटकून आठवते. ज्या विद्येला आपल्या मुलखात कॉलेज नव्हते, परीक्षा नव्हती आणि पगारही नव्हता, ती विद्या या माणसाने निवडली. तिला पहिले मासिक वेतन बडोद्याच्या खजिन्यातून मिळाले असते तर गोष्ट सोपी झाली असती. ते तसे नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. सारस्वत कुटुंब, नारळीची बागायत, पोर्तुगीजांचे राज्य. प्रकृती लहानपणापासून नाजूक. शाळा म्हणावी अशी शाळा फारशी झालीच नाही. जे मराठी शिकणे झाले तेही तुटक तुटक. 1891 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. घरची बागायत सांभाळायची, नारळ मोजायचे, आणि पुढे आपल्या मुलांनीही तेच करायचे, असा आयुष्याचा आराखडा वडिलधाऱ्यांनी आखून ठेवला होता. त्या काळच्या गोव्यात शेकडो तरुणांचे आयुष्य असेच गेले आणि त्यात कोणाला काही उणे वाटले नाही.

यांना मात्र वाचनाने स्वस्थ बसू दिले नाही. तुकोबांची गाथा हाताशी होतीच. 1897 साली विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे एक छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक. त्या काळी मराठी घरांतून त्याचे जुने अंक बांधून ठेवण्याची पद्धत होती. मुलांसाठी लिहिलेल्या त्या मजकुराने एकवीस वर्षांच्या, संसारात पडलेल्या गृहस्थाच्या मनाचा ठाव घेतला. बुद्धाविषयी जे जे समजून घेता येईल ते समजून घ्यायचे आणि ते आपल्या लोकांना मराठीत सांगायचे, असा ध्यास त्यांनी घेतला. मासिकाच्या संपादकाला आपल्या लेखाचे पुढे काय होते हे कधी कळत नाही. ओकांनाही ते कळले असेल असे वाटत नाही.

पण शिकायचे कोठे? आज मुलगा विषय निवडतो म्हणजे छापील यादीतील एका नावापुढे खूण करतो. धर्मानंदांपुढे यादीच नव्हती. बुद्धवचने पाली भाषेत आहेत एवढे कळले, तरी पाली शिकवणारा मनुष्य मुंबई इलाख्यात सापडणे कठीण. संस्कृत आले तर पुढची वाट दिसेल, या हिशेबाने 1899 च्या अखेरीस त्यांनी गाव सोडले आणि पुणे गाठले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी झाली होती. माणिक तिचे नाव. पत्नी बाळाबाई आणि हे तान्हे मूल मागे ठेवून ते निघाले. त्यांच्या विद्येचे आपण कितीही कौतुक केले, तरी ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागावर कीर्तनकार रंगून बोलतात. पण साखवाळच्या घरात राहिलेल्या तरुण स्त्रीने ती सात वर्षे कशी काढली, त्यावर कीर्तन होत नाही. धर्मानंदांनी पुढे ‘निवेदन’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. ते 1924 साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी स्वतःला फारसे सोडलेले नाही, हे खरे. परंतु बाळाबाईंचे एखादे निवेदन असते, तर मी ते आधी वाचले असते.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना आधार दिला. तिथे फार काळ न राहता धर्मानंद मध्य हिंदुस्थानातून काशीस गेले. आपल्या ग्वाल्हेर-इंदूरकडच्या नातेवाइकांना सांगण्याजोगी गोष्ट ही, की हा मनुष्य त्यांच्या शहरांतून खिशात जवळजवळ काही नसताना गेला होता. काशीत अन्नछत्रात जेवावे, पंडितांच्या घरी जाऊन पाठ घ्यावा, असा क्रम. गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या मोठ्या विद्वानांच्या पायांशी बसायला मिळाले. कौमुदी घोकली, काव्ये वाचली; पण बुद्धधर्म काशीतही नव्हता. 1902 च्या प्रारंभी तो शोधीत ते नेपाळात गेले. तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश होऊन परतले. बुद्धगयेस गेल्यावर सिंहलद्वीपाची वाट दिसली. कलकत्त्याहून ते त्याच वर्षी कोलंबोस पोचले आणि सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात अखेर त्यांना त्यांचा विषय भेटला. घर सोडल्यापासून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तिथे त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली. सिंहली जेवण प्रकृतीला मानवेना, तेव्हा हवापालटासाठी मद्रास, मग ब्रह्मदेश, असा फेरा झाला. ब्रह्मदेशातील विहारांत राहून पालीचा अभ्यास आणखी पक्का केला.

1906 साली ते कलकत्त्यास आले तेव्हा बंगालमध्ये स्वदेशीची धामधूम होती. राष्ट्रीय शिक्षणासाठी नवे नॅशनल कॉलेज निघाले होते आणि त्याचे प्राचार्य अरविंद घोष होते. हेच अरविंदबाबू आपल्या बडोदा कॉलेजात तेरा वर्षांच्या नोकरीपैकी बराच काळ शिकवून, ती सोडून तिकडे गेले होते. त्या कॉलेजात धर्मानंद पाली शिकवू लागले, आणि सर आशुतोष मुकर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विश्वविद्यालयातही त्यांना स्थान मिळाले. हातात पदवी नाही, शाळेचाही धड दाखला नाही. तरी विश्वविद्यालयाने ज्ञान पाहून जागा दिली. हे आज कोठे घडेल असे वाटत नाही. याच वर्षी ते सात वर्षांनी घरी गेले, भिक्षुवेष सोडून पुन्हा गृहस्थ झाले. पुढच्या वर्षी, 1907 साली, त्यांना मुलगा झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला दामोदर.

आता बस्तान बसले, असे कोणीही म्हणेल. कलकत्त्यात राहिले तर महिना अडीचशे रुपये मिळण्याची सोय होती. त्या काळचे अडीचशे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी कोठीत कारकुनी केली त्यांना वेगळे सांगायला नको. पण गाव सोडताना जो संकल्प केला होता, तो मराठी लोकांना बुद्ध सांगण्याचा होता, बंगाल्यांना नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांशी त्यांची ओळख झालेली होती. 1908 साली महाराजांनी तारेने कळविले, की त्यांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे, बडोदे सरकार त्यांना तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देईल, आणि त्यांनी सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. धर्मानंदांनी अडीचशे सोडले आणि पन्नास घेतले. कलकत्त्याच्या स्नेह्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटला.

या पन्नास रुपयांचा मी पुष्कळ विचार केला आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्त्या मोठ्या होत्या. 1913 साली याच संस्थानाने भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस पाठविले आणि त्याबद्दल दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट घातली. कोसंबींना घातलेली अट निराळीच. बडोद्यात येऊन राहा असेही महाराजांनी म्हटले नाही. महाराष्ट्रात राहा म्हटले. संस्थानच्या पैशाने संस्थानाबाहेर ज्ञान पेरायचे, ही दृष्टी त्या राजाजवळ होती. रक्कम थोडी होती हे मात्र मान्य केले पाहिजे. बायको-मुलांच्या संसाराला पन्नास रुपये त्या दिवसांतही ओढाताणीचेच. म्हणून वेतनाचा दाता म्हणून बडोद्याने फार मिरवू नये असे मला वाटते. पहिले वेतन कलकत्त्याने दिले होते, जास्तही तेच देत होते. बडोद्याने दिली ती मोकळीक. पुढे बडोद्यास येऊन धर्मानंदांनी महाराजांपुढे व्याख्याने दिली आणि त्यांतून 1910 साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक झाले. आमच्या घरच्या कपाटात त्याची एक जीर्ण प्रत आहे. पाने उलटताना तुकडे पडतात, पण भाषा आजही ताजी आहे. शास्त्र्याची भाषा नाही ती. ‘बालबोध’ वाचून शिकलेल्या माणसाची आहे.

त्याच सुमारास हार्वर्ड विश्वविद्यालयाचे प्रा. जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांनी धर्मानंदांना अमेरिकेस नेले. वॉरन नावाच्या विद्वानाने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाचे संपादन हाती घेऊन ते अपुरे ठेवले होते. 1899 साली ते वारले. ते काम धर्मानंदांनी करायचे. 1910 ते 1912 पर्यंत त्यांनी ते केले, पण ग्रंथावर श्रेय कोणाचे यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसले आणि ते परत निघून आले. पैसा सोडणारा मनुष्य श्रेय सोडीना, याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. केलेल्या कामावर आपले नाव असावे ही मागणी लोभाची नव्हे.

परत आल्यावर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात 1912 ते 1918 पाली शिकविली. मुंबई विश्वविद्यालयात पाली हा विषय दाखल झाला त्यामागे त्यांचा आग्रह आणि डॉ. भांडारकरांचे वजन होते. म्हणजे ज्या यादीत तेरा वर्षांपूर्वी त्यांचा विषय नव्हता, ती यादीच त्यांनी वाढविली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे त्यांच्यापाशी शिकले, आणि पुढे कॉलेजांतून पाली टिकली ती अशा माणसांमुळे.

1918 साली ते पुन्हा हार्वर्डला गेले, आणि या खेपेस माणिक व दामोदर दोघांनाही बरोबर नेले. जिला तान्ही असताना मागे टाकून ते निघाले होते, ती माणिक 1922 साली रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. त्या काळी आपल्यातली किती घरे मुलीला बोटीत बसवायला तयार झाली असती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. दामोदराने हार्वर्डची पदवी 1929 साली घेतली आणि गणित हा मार्ग धरला. वडिलांनी त्याच्यावर पाली लादली नाही.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. परत आल्यावर अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात, मग पुन्हा हार्वर्ड, 1929 मध्ये लेनिनग्राड. 1930 साली मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली आणि तुरुंग पाहिला. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत ‘बहुजनविहार’ उघडला. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’, ‘भगवान बुद्ध’ ही पुस्तके उतारवयातली. त्यांतल्या काही मतांवरून वाद उठले, तरी त्यांनी मते बदलली नाहीत. शरीर निरुपयोगी झाले असे वाटल्यावर त्यांनी अन्न सोडले आणि 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला.

‘विसुद्धिमग्ग’ची त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने 1940 साली काढली. हार्वर्डची आवृत्ती निघायला 1950 साल उजाडले. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्या नावाबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.