खडीच्या घाटातला गिअरवाला

गिअरच्या सायकलवर घाट चढताना अंगठ्याने खटका दाबला की मागे खट् असा आवाज होतो आणि पाय एकदम हलका पडतो. हा खट् आला कुठून, ते थिअरी ऑफ मशिन्सच्या पुस्तकात काही सापडत नाही. तिथे सायकलच्या वाट्याला फार तर अर्धं पान येतं. मी मेकॅनिकलचा, त्यातून सायकलवेडा, म्हणून शोधत गेलो तर एक मिशीवाले फ्रेंच गृहस्थ भेटले. नाव पॉल द व्हिवी. पण ते लिहायचे व्हेलोसियो या टोपणनावाने आणि फ्रान्समधले सायकलवाले त्यांना अजूनही याच नावाने ओळखतात.

जन्म 29 एप्रिल 1853, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावी. तिथून जवळच माँ व्हाँतू हा 1909 मीटरचा बोडका डोंगर आहे. पण व्हेलोसियोंची कर्मभूमी मात्र साँत-एतियेन. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींचे माग असलेलं हे गाव चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. पॉलसाहेब रेशमाच्या धंद्यात होते, म्हणजे चांगले खाऊनपिऊन सुखी. 1881 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. तीही कुठली, तर पुढचं चाक डोक्याएवढं आणि मागचं ताटाएवढं, ती जुनी उंच सायकल! पॅडल थेट पुढच्या चाकालाच, त्यामुळे चाक जेवढं मोठं तेवढा वेग. चढ आला की रायडरचे हाल आणि उतारावर खड्डा आला की थेट कोलांटी.

सांगतात की एका मित्राने पैज लावली, सहा तासांत 100 किलोमीटर जाऊन दाखव. हे निघाले ते ला शेझ-द्यू या डोंगरातल्या गावाकडे. पैज जिंकली, पण खरी भूल पडली ती वाटेतल्या डोंगरांची. रेल्वे जात नाही अशा दऱ्या, पाइनची जंगलं, खेडी. माणूस जो बिघडला तो बिघडलाच! 1882 मध्ये गावातल्या सायकल क्लबच्या स्थापनेत ते होते आणि 1887 मध्ये तर चालता रेशमाचा धंदा सोडून त्यांनी सायकलचं दुकान काढलं. वय 34. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीहून सायकली मागवायच्या आणि विकायच्या. त्याच वर्षी एक मासिकही सुरू केलं, पुढे ते 'ल सिक्लिस्त' या नावाने गाजलं. आज कुणी बरी नोकरी सोडून सायकलचं दुकान टाकतो म्हणाला तर घरचे काय म्हणतील, याची कल्पना आपल्याला आहेच.

इथे सिव्हिलवाल्यांसाठी थोडं. हे सगळे घाट तेव्हा खडीचे होते. मॅकअ‍ॅडमच्या पद्धतीने फोडलेल्या दगडाचे थर, वर बारीक कच, पाणी मारून दाबलेली. डांबर नाही. रस्त्यावर डांबर ओतून धूळ बसवायचा मोनॅकोमधला गाजलेला प्रयोग 1902 चा, आणि डोंगरातल्या आडरस्त्यांवर डांबर पोचायला तर पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणजे आज लोक मुद्दाम जाड टायरची ग्रॅव्हल बाइक घेऊन ज्या मातीच्या रस्त्यांच्या शोधात जातात, ते व्हेलोसियोंना दारातच होते. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल, आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या बारमाही.

साँत-एतियेनच्या दक्षिणेला कोल द ला रेप्युब्लिक नावाची खिंड आहे. उंची 1161 मीटर. गावातून साधारण 13 किलोमीटरची चढण, त्यात सुमारे 600 मीटर उंची गाठायची. व्हेलोसियोंची ही प्रयोगशाळा. गोष्ट अशी सांगतात की ते एकदा आपल्या ला गोलवाज या स्वतः बनवलेल्या सायकलवर घाम गाळत हा घाट चढत होते. सायकलला गिअर एकच. तेवढ्यात मासिकाचाच एक तरुण वाचक तोंडात पाइप धरून शांतपणे बाजूने पुढे निघून गेला! आपलं वय वाढतंय, ताकद वाढणार नाही, मग बदलायचं काय? तर गिअर.

जरा आकडेमोड करू. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो, चढ 5 टक्के, वेग ताशी 10 किलोमीटर. नुसतं वर चढायला सुमारे 116 वॅट लागतात, खडीचा विरोध वेगळाच. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 5 मीटर जात असेल तर मिनिटाला 33 फेरे, आणि 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर सरासरी 20 किलोचा जोर सतत लावायचा. एका फेऱ्यात अडीच मीटरच जाईल असा गिअर घेतला तर फेरे 67 आणि जोर निम्मा. वॅट तेवढेच! पण गुडघा वॅट मोजत नाही, तो जोर मोजतो. हे त्या माणसाने कॅल्क्युलेटरशिवाय, पायाने शोधून काढलं.

सुरुवातीचा उपाय अगदी गावठी होता. पुढे दोन वेगवेगळे दातेरी चक्र, खाली उतरून हाताने चेन एकावरून दुसऱ्यावर टाकायची. मग डाव्या बाजूलाही एक चेन बसवली, म्हणजे चार गिअर झाले. इंग्लंडहून व्हिपेट नावाची सायकल आली होती, तिच्यात पुढचं चक्रच लहान-मोठं व्हायचं. तिचाही त्यांनी अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते डिरेलरपर्यंत पोचले. फ्रेंचमध्ये डिरेल म्हणजे रुळावरून घसरवणं. चालती चेन मुद्दाम एका चक्रावरून घसरवून दुसऱ्यावर नेऊन बसवायची आणि उरलेली ढील स्प्रिंगच्या पुलीने ओढून धरायची. आपल्याला शिकवतात चेन घसरू नये म्हणून काय करावं, आणि इथे घसरणं हीच युक्ती! हा शोध त्यांच्या एकट्याचा नव्हे, आधी इंग्लंडमध्येही प्रयत्न झाले होते. पण आपल्या कल्पनेचं त्यांनी पेटंट घेऊन कुलूप लावलं नाही. मासिकात छापून टाकलं, गावातल्या कारागिरांनी उचललं आणि साँत-एतियेन गिअरचं माहेरघर झालं.

विरोध मात्र जबरदस्त. रेसवाल्यांचं म्हणणं, गिअर हा म्हाताऱ्यांचा आणि बायकांचा आधार, मर्दाने एकाच गिअरवर घाट मारावा. टूर द फ्रान्सचे संस्थापक आन्री देग्रांज या मताचे कट्टर होते. आता गंमत पहा. 1902 मध्ये पिरेनीज पर्वतात 2115 मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीवर सायकलींची चाचणी स्पर्धा झाली. तिथे मार्त एस नावाची एक बाई गिअरच्या सायकलवर पाय न टेकता चढून गेली असं सांगतात. तरी देग्रांज यांचं मत बदललं नाही. त्यांच्या स्पर्धेतले खेळाडू मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन चक्रं लावायचे आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून अख्खं चाक उलटं बसवायचे. हे चालतं, खटका चालत नाही!

मला वाटतं भांडण यंत्राचं नव्हतंच. डोंगर कुणासाठी, हा प्रश्न होता. निवडक पहिलवानांसाठी, की कारकून, मास्तर, पन्नाशीतला दुकानदार यांच्यासाठीही? व्हेलोसियो दुसऱ्या बाजूचे. मांसाहार त्यांनी सोडला होता. प्रवासात दारू-तंबाखू नको, भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, पहिल्या तासांत जोर करू नका आणि मिरवण्यासाठी तर सायकल चालवूच नका, असे त्यांचे नियम. जाड, कमी हवेचे टायर खडीवर बरे, हेही ते सांगत. रेसवाले बारीक टायरच्या मागे असताना! रात्रभर सायकल हाकत प्रोव्हान्सला जायचं आणि परत आल्यावर किती किलोमीटर, किती चढ, कोणता गिअर, काय खाल्लं, सगळं मासिकात. आपल्या लॅब जर्नलपेक्षा प्रामाणिक.

1922 पासून त्यांच्या सन्मानार्थ त्याच खिंडीवर दर वर्षी चढाईचा दिवस सुरू झाला. वृद्ध व्हेलोसियोही त्यात वर जात. 1930 मध्ये साँत-एतियेनच्या रस्त्यावर, सायकल हातात धरून चालत असताना ट्रामने धडक दिली आणि त्यातच ते गेले. वय 76. ज्याने आयुष्यभर रात्री-बेरात्री घाट पालथे घातले, तो गावातल्या ट्रामखाली सापडला.

टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली 1937 साली. कोल द ला रेप्युब्लिकच्या माथ्यावर आता व्हेलोसियोंचं स्मारक आहे आणि तिथपर्यंतचा रस्ता डांबरी झाला आहे.