विनोबांचा रीसेट

पेण म्हटलं की सगळ्यांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा जन्मले. परवा मला ते आठवले, आणि तेही चक्क कॉम्प्युटरमुळे!

झालं असं, की मी लॅपटॉपमधली टीपीएम ही सिक्युरिटी चिप लिनक्सच्या कमांड लाइनवरून रीसेट केली. 'टीपीएम२_क्लिअर', एवढी एकच कमांड. क्षणात चिपमधल्या माझ्या सगळ्या कीज गेल्या. डिस्कवरचा डेटा जागच्या जागी, पण तो उघडणारी किल्लीच नाही! रिकव्हरी की कुठे लिहून ठेवली नव्हती. सेमिस्टरचा प्रोजेक्ट गेला.

विनोबांनीही एक रीसेट केला होता. बडोद्याला शिकत होते, गणित फार आवडायचं. आणि एके दिवशी त्यांनी आईसमोर आपली सर्टिफिकेटं चुलीत घातली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, ते सुरतेलाच उतरून काशीला गेले. जूनमध्ये अहमदाबादला गांधीजींना भेटले आणि आयुष्याची दिशाच बदलली. १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले. १९४० मध्ये गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनाच निवडलं.

गंमत बघा, क्लिअर केल्यावर चिप मालकाच्या कीज विसरते, पण कारखान्यात तिच्यात घातलेलं मूळ बीज तसंच राहतं. विनोबांचे कागद जळले, शिकलेलं जळलं नाही. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, म्हणून त्यांनी ती 'गीताई'त सोप्या मराठीत आणली. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत शंभर एकर जमीन दान मिळाली आणि भूदान सुरू झालं. मग हा गणितप्रेमी माणूस तेरा वर्षं पायी फिरला, भूमिहीनांसाठी जमिनीचा सहावा हिस्सा मागत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला.

फरक एवढाच, की त्यांनी आधी विचार केला आणि मग काडी लावली. मी आधी एन्टर दाबलं. तेव्हा मित्रांनो, चिप क्लिअर करण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हा कागद मात्र चुलीत घालू नका!